एका तासाचें मोल

गुस्टाव्ह माहलर हा व्हिएन्नाचा थोर संगीतकार १८ मे १९११ रोजीं वारला. त्यानंतर लौकरच त्याच्या मिळकतीची व्यवस्था पाहणाऱ्या वकिलाकडे एक बिल आलें. आदल्या वर्षाच्या ऑगस्ट महिन्यांत हॉलंडमधील लायडन येथें कांहीं तास दिलेल्या सल्ल्याबद्दल ३०० क्रोनन, असा त्याचा मजकूर होता, आणि पाठविणारा होता सिग्मंड फ्रॉइड. माहलरनें भेटीची वेळ मागावी व ती आपणच रद्द करावी, असें एकाहून अधिक वेळां घडलें होतें. अखेर फ्रॉइड समुद्रकांठीं सुटीवर असतां दोघे लायडनला भेटले, सुमारें चार तास गांवांतून हिंडत बोलले, आणि मग आपापल्या वाटेनें गेले. या भेटीवर पुढें पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पत्नीशीं आलेला दुरावा किती खोल होता, फ्रॉइडनें त्याची उकल कशी केली, याची चर्चा अजून संपलेली नाहीं. मला मात्र त्या सर्व चर्चेहून अधिक बोलकें वाटतें तें हें बिल. मेलेल्या माणसाच्या नांवें हिशोब पाठविणें आपल्या मनाला कसेंसेंच वाटतें. परंतु फ्रॉइडच्या दृष्टीनें तास दिलेला होता, आणि दिलेल्या तासाचें मोल घेणारा गेला म्हणून नाहींसें होत नाहीं. शिवाय ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, येथें करार नव्हता, पुढची तारीख नव्हती, वर्षानुवर्षें चालणारें मनोविश्लेषण नव्हतें. ज्या पंथाला आपण दीर्घसूत्री म्हणून हंसतों, त्याच्या मूळपुरुषानें एक सुटा तास दिला होता व त्याचे सुटे पैसे मागितले होते.

हें सारें आठवण्यास दोन कारणें झालीं. पहिलें कारण अर्विन यालोम या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाचें ‘अवर ऑफ द हार्ट’ हें पुस्तक. त्याविषयीं पुढें सविस्तर लिहावयाचें आहेच. दुसरें कारण एक जुनी विद्यार्थिनी. ती पुण्यास नोकरी करते. गेल्या दिवाळींत भेटावयास आली असतां बोलतां बोलतां म्हणाली कीं, कांहीं महिन्यांपासून ती मोबाइलच्या पडद्यावरून एका समुपदेशक बाईंशीं बोलते. जेव्हां बोलावयाचें तेव्हां त्या एका तासाची फी भरावयाची, पुढचें कांहींच बांधून घ्यावयाचें नाहीं, असा तिचा शिरस्ता. मास्तरकीच्या संवयीनें मीं थट्टा केली. “मनःशांति आतां भाजीसारखी अर्धा किलो, पाव किलो मिळूं लागली म्हणायची!”

तिला तें लागलें. थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, “सर, आधीं बांधूनच घेतलं होतं मी. दहा भेटींचे पैसे एकदम भरले, कारण तसं स्वस्त पडत होतं. तिसऱ्या भेटींतच कळलं कीं त्या गृहस्थांशीं माझं जमणार नाहीं. पण पैसे परत देत नव्हते. मग उरलेल्या सात वेळां नुसती जाऊन बसले. ऑफिसच्या गोष्टी सांगत.”

सात तास एका माणसासमोर बसून आपलें दुःख सोडून बाकी सर्व कांहीं सांगावयाचें, आणि तेंहि पैसे वाया जाऊं नयेत म्हणून, यासारखी करुण व हास्यास्पद गोष्ट मीं क्वचितच ऐकली असेल. माझी थट्टा मला फार स्वस्त वाटूं लागली.

ती गेल्यावर मीं फ्रॉइडचा १९१३ सालचा, उपचाराच्या आरंभाविषयींचा निबंध पुन्हां काढला. आमच्या महाविद्यालयीन दिवसांत फ्रॉइड हा समीक्षेचें हत्यार म्हणून वाचण्याची पद्धत होती. हॅम्लेटला किंवा एखाद्या कवीला पलंगावर आडवें पाडावयाचें आणि त्याची मातृभक्ति शोधावयाची! त्या घाईंत हा निबंध आम्हीं ओलांडूनच गेलों, कारण यांत ना स्वप्नें आहेत ना पुराणकथा. यांत आहे तें वेळेचें व पैशाचें बोलणें. परंतु गद्य म्हणून पाहिल्यास फ्रॉइडच्या उत्तम लेखनांत याची गणना करावी लागेल. बुद्धिबळाच्या खेळाचे आरंभ व शेवट तेवढे पुस्तकांतून शिकतां येतात, मधला डाव मात्र खेळूनच शिकावा लागतो, या दृष्टान्तानें तो सुरू होतो आणि लगेच एखाद्या जुन्या सराफाच्या सरळपणानें व्यवहारावर उतरतो. सुधारलेलीं माणसें पैशाच्या बाबतींत कामविषयाइतकींच चोरटीं व दांभिक असतात, असें त्याचें म्हणणें. म्हणून वैद्यानें तरी आपल्या फीविषयीं संकोच न धरतां बोलावें, म्हणजे रुग्णालाहि इतर झांकलेल्या गोष्टींविषयीं बोलण्याचा धडा मिळतो. प्रत्येक रुग्णाला दिवसांतील एक ठराविक तास भाड्यानें दिलेला असतो. तो त्यानें वापरला नाहीं तरी त्याचें भाडें त्याच्याकडेच निघतें. हें कठोर वाटेल हें फ्रॉइड मान्य करतो आणि मग मिस्किलपणें सांगतो कीं, नियम सैल ठेवला कीं रुग्णांना नेमकीं अडचणींचीं व दुखण्यांचीं निमित्तें सुचतात, आणि नियम कडक केला कीं तीं बहुतेक नाहींशीं होतात.

येथवर वाचून माझ्या विद्यार्थिनीच्या दहा भेटी आगाऊ विकणाऱ्यांनीं फ्रॉइडचाच आधार घेतला आहे असें कोणासहि वाटेल. पण त्याच निबंधांत एक दुसरें विधान आहे व त्याकडे फारसें कोणी लक्ष देत नाहीं. अमुक इतका काळ उपचार चालू ठेवीन, असें वचन फ्रॉइड रुग्णाकडून घेत नसे. ज्याला जेव्हां सोडून जावेंसें वाटेल तेव्हां त्यानें जावें. फक्त, अर्धवट सोडलेल्या शस्त्रक्रियेप्रमाणें थोड्या दिवसांत सोडलेला हा उपचारहि समाधानकारक ठरणार नाहीं, एवढी सूचना तो देई. तास बांधलेला, माणूस मोकळा, असा हा न्याय आहे. आजच्या बाजारानें यांतील पहिला अर्धा भाग उचलला व दुसरा टाकला. दहा भेटींचा गठ्ठा विकणाऱ्यानें तास बांधला आणि त्याबरोबर माणूसहि बांधला.

फुकट उपचारास फ्रॉइडचा त्या काळीं विरोध होता. दहा वर्षें तो रोज एक-दोन तास बिनमोल देत असे आणि त्यानें रुग्णाचा अडथळा उलट वाढतो असा त्याचा अनुभव होता. पुढें १९१८ मध्यें बुडापेस्टच्या परिषदेंत हाच मनुष्य म्हणाला कीं, गरिबालाहि शस्त्रवैद्याच्या मदतीइतकाच मनाच्या मदतीचा हक्क आहे व एक दिवस ती विनामूल्य द्यावी लागेल. १९२० सालीं बर्लिनमध्यें त्याच्या अनुयायांनीं तसें चिकित्सालय काढलेंहि. आपल्याकडे सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनि-सेवा १० ऑक्टोबर १९२२ रोजीं नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती मराठींतहि बोलते. जगाची गति अशा बाबतींत संथ असते.

आतां सुट्या भेटीविषयीं. फ्रॉइडच्या लेखनांतील सर्वांत सुंदर कथा सुट्या भेटीचीच आहे. ‘हिस्टेरियाविषयीं अभ्यास’ या १८९५ च्या ग्रंथांत काटारीना नांवाच्या मुलीची हकीगत येते. फ्रॉइड आल्प्सच्या पूर्वेकडील डोंगरांत सुटीवर आहे. वर चढून एका विश्रामगृहाशीं बसला आहे. तेथें वाढणारी सुमारें अठरा वर्षांची मुलगी येऊन विचारते, आपण डॉक्टर का? पाहुण्यांच्या वहींत तिनें त्याचें नांव वाचलेलें असतें. तिला श्वास कोंडण्याचे झटके येतात. तेथेंच, त्या उंचीवर, प्रश्नोत्तरें होतात, आणि घरांतल्याच एका पुरुषाकडून झालेल्या अत्याचाराची हकीगत तिच्या तोंडून बाहेर पडते. फी नाहीं, पुढची भेट नाहीं. या संभाषणाचा तिला कांहीं उपयोग झाला असेल अशी आशा व्यक्त करून फ्रॉइड थांबतो, कारण त्यानंतर ती त्याला दिसलीच नाहीं. आपल्या रुग्णकथा लघुकथांसारख्या वाचल्या जातात, हें त्याला स्वतःलाच चमत्कारिक वाटे, व तसें त्यानें याच ग्रंथांत लिहिलें आहे. काटारीनाची कथा वाचतांना त्याचें म्हणणें पटतें. कथेचे सर्व गुण तींत आहेत, आणि कथेचा एक दोषहि आहे. जवळजवळ तीस वर्षांनीं, १९२४ मध्यें, एक टीप जोडून फ्रॉइडनें कबूल केलें कीं, त्या मुलीचा काका म्हणून ज्याचा उल्लेख केला तो वस्तुतः तिचा बाप होता. आणि असा बदल करणें योग्य नव्हतें. म्हणजे सुट्या तासाच्या या पहिल्या उत्कृष्ट कथेंत नेमकी मर्माची गोष्टच लेखकानें बदललेली होती, आणि ती सुधारण्यास काटारीनापाशीं लेखणी नव्हती.

हा लेखणीचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, व त्यासाठींच यालोमकडे वळावयाचें. यालोमचा जन्म १९३१ चा. स्टॅनफर्ड विद्यापीठांत त्याचें आयुष्य गेलें. १९८९ च्या ‘लव्ह्ज एक्झिक्यूशनर’ या दहा कथांच्या पुस्तकानें तो इंग्रजी वाचकांच्या घराघरांत पोहोंचला. परंतु त्याचें खरें अपूर्व पुस्तक त्याच्या कितीतरी आधीं, १९७४ मध्यें, आलें आहे. ‘एव्हरी डे गेट्स अ लिटल क्लोजर’ हें तें पुस्तक. जिनी या टोपणनांवाची एक तरुण लेखिका त्याची रुग्ण होती. लिहितां येईनासें झालें होतें आणि पैसेहि नव्हते. यालोमनें फी माफ केली नाहीं. तिचें चलन बदललें. प्रत्येक भेटीनंतर तिनें त्या भेटीविषयीं मनांत येईल तें मोकळेपणानें लिहून द्यावें, हीच फी. आणि आपणहि तसेंच लिहूं, असें त्यानें कबूल केलें. दोघांचे कागद बंद राहत व कांहीं महिन्यांनीं एकमेकांना वाचावयास मिळत. पुढें दोन्ही टांचणें शेजारीं शेजारीं छापलीं गेलीं, आणि मुखपृष्ठावर दोघांचीं नांवें आलीं.

हें पुस्तक मीं जेव्हां जेव्हां वाचलें तेव्हां तेव्हां मला हंसूं आलें आहे, आणि त्या हंसण्यांत आदर आहे. एकाच तासाच्या दोन हकीगती जुळतच नाहींत! डॉक्टर आपल्या मार्मिक उलगड्यांवर खूष असतात. तिच्या कागदांत त्या उलगड्यांचा मागमूस नसतो. तिला आठवतें तें त्यांनीं केलेलें एखादें साधें कौतुक, एखादा आपुलकीचा शब्द. ही गोष्ट यालोमनें लपविली नाहीं. उलट पुढील पिढीच्या उपचारकांस तो हीच गोष्ट आवर्जून सांगत राहिला. वैद्याला आपण काय विकलें असें वाटतें आणि रुग्णानें वास्तविक काय विकत घेतलें, यांतील अंतर इतक्या प्रामाणिकपणें दाखविणारें दुसरें पुस्तक मला माहीत नाहीं.

त्यानंतर पन्नास वर्षांनीं, २०२४ मध्यें, ‘अवर ऑफ द हार्ट’ आलें. पत्नी मॅरिलिन २०१९ सालीं गेली. तिच्या अखेरच्या दिवसांचें पुस्तक दोघांनीं आळीपाळीनें प्रकरणें लिहून सिद्ध केलें व तें २०२१ मध्यें प्रसिद्ध झालें. यालोम नव्वदीच्या घरांत आला होता व स्मृति दगा देऊं लागली होती. ज्याला मागच्या आठवड्याचें बोलणें आठवेल याची खात्री नाहीं, त्यानें दीर्घ उपचाराचा भार कसा घ्यावा? त्यांत कोव्हिडची साथ आली आणि समोरासमोरच्या भेटी बंद पडल्या. तेव्हां म्हाताऱ्यानें एक मार्ग काढला. पडद्यावरून एकाच तासाची भेट. एका माणसाला एकदांच. दोघांमध्यें या क्षणीं जें चाललें आहे त्याकडेच पाहावयाचें, हें त्याचें जुनें तंत्र. तें जमावयास पूर्वीं महिने लागत, तें आतां एका तासांत साधावयाचें, आणि त्यासाठीं स्वतःचें दुःख, स्वतःचा विसराळूपणा, हाहि मोकळेपणें पुढें ठेवावयाचा. मुलगा बेंजामिन याच्या साहाय्यानें त्यानें या भेटींचें पुस्तक केलें.

पुस्तकाचा मोठा गुण असा कीं, तें आपल्या दुबळेपणाला तत्त्वज्ञानाचा मुलामा देत नाहीं. एक तास पुरेसा असतो म्हणून एक तास, असें नव्हे. एकच तास देतां येतो म्हणून एक तास, आणि मग त्यांत काय होऊं शकतें तें पाहूं, अशी त्याची वृत्ति आहे. जाहिरातींच्या भाषेला कंटाळलेल्या वाचकास हा विनय फार सुखावतो. शिवाय जो माणूस पुन्हां दिसणार नाहीं त्याच्यापुढें मन लौकर उघडतें, हा आगगाडींतल्या प्रवासाचा अनुभव आपणां सर्वांना आहे. त्या अनुभवाचा येथें शहाणपणानें उपयोग केला आहे.

तथापि दोन आक्षेप घेतल्यावांचून राहवत नाहीं. पहिला असा कीं, यालोमपुढें बसणारा मनुष्य अनोळखी वैद्यापुढें बसलेला नाहीं. जगभर वाचल्या जाणाऱ्या लेखकाकडे जो येतो, तो त्याचीं पुस्तकें घेऊनच येतो. विश्वास बसण्यास लागणारे महिने त्यानें वाचनांत घालविलेले असतात. या एका तासामागें पन्नास वर्षांचा धंदा आणि रुग्णाचें अनेक वर्षांचें वाचन उभें आहे. जाहिरात पाहून, फोटोवरून माणूस निवडून, संध्याकाळीं साताची वेळ घेणाऱ्याच्या वांट्याला हें भांडवल येत नाहीं. दुसरा आक्षेप लेखणीचा. १९७४ च्या पुस्तकावर रुग्णाचें नांव होतें. २०२१ च्या पुस्तकावर पत्नीचें होतें. २०२४ च्या पुस्तकावर मुलाचें आहे. रुग्ण मुखपृष्ठावरून गेला आहे. त्या तासाची दुसरी हकीगत आपणांस मिळत नाहीं, आणि ती न मिळाल्यानें काय गमावतें हें आपणांस खुद्द यालोमनेंच पूर्वीं शिकविलेलें आहे. लेखक प्रामाणिक आहे यांत शंका नाहीं. पण काटारीनाच्या वेळचा फ्रॉइडहि स्वतःस प्रामाणिकच समजत होता.

मोशे टाल्मन या मानसशास्त्रज्ञानें १९९० च्या आपल्या पुस्तकांत ही दुसरी बाजू विचारून पाहिली होती. एकदांच येऊन पुन्हां न आलेल्या आपल्या दोनशे रुग्णांशीं त्यानें संपर्क साधला. त्यांतील शेंकडा ७८ जणांनीं, हवें होतें तें मिळालें, असें सांगितलें. हा आकडा एकभेटीच्या पुरस्कर्त्यांना फार प्रिय आहे. मला त्याबद्दल किंचित् संशय वाटतो. स्वतः डॉक्टर विचारीत असतां, ‘तुमचा कांहीं उपयोग झाला नाहीं’ असें तोंडावर म्हणणारे लोक अमेरिकेंतहि फार नसावेत. परंतु न परतणारा प्रत्येक रुग्ण म्हणजे वैद्याचें अपयश, हा समज त्यानें ढिला केला, हें कबूल केलें पाहिजे.

या सगळ्यांत वर्गणीचा प्रकार मी सर्वांत हीन समजतों. मासिकाच्या वाचकांस वर्गणी हा शब्द परिचयाचा व प्रिय आहे, तो असा बदनाम व्हावा याचें वाईट वाटतें. अमेरिकेंतील ‘बेटरहेल्प’ ही कंपनी आठवड्याचा दर सांगून चार आठवड्यांचे पैसे एकदम कापून घेणारी. केव्हांहि सोडा, असें ती म्हणे, व तें खरेंहि होतें. परंतु २०२३ मध्यें तेथील व्यापार-आयोगानें तिच्यावर आरोप ठेवला कीं, गुप्ततेचें आश्वासन देऊन घेतलेली माणसांची माहिती तिनें फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्यांना जाहिरातींसाठीं पुरविली. आणि ७८ लाख डॉलर देण्याचें तिला मान्य करावें लागलें. म्हणजे माणूस बांधलेला नव्हता, पण त्याचें गुपित बांधून ठेवलें होतें. आपण केव्हांहि निघून जाऊं शकतों, एवढ्यानें मोकळीक पुरी होत नाहीं. आपल्यामागें तेथें काय उरतें तेंहि विचारावें लागतें.

आपल्याकडे हा विचार अगदीं नवा नाहीं. र. धों. कर्व्यांचें ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ च्या जुलैंत निघालें व त्यांच्या मृत्यूपर्यंत, १९५३ पर्यंत, चाललें. त्यांत वाचकांच्या अत्यंत खासगी प्रश्नांना उत्तरें असत. प्रश्न विचारणारा अनामिक, भेट कागदावरची व बहुधा एकदांचीच, आणि मोल एका अंकाचें. त्या उत्तरांवरून खटला झाला. १९३४ मध्यें कर्व्यांच्या बाजूनें डॉ. आंबेडकर उभे राहिले. तीं उत्तरें वाचतांना जाणवतें कीं, पुन्हां न भेटणाऱ्या माणसालाहि पुरी माहिती देऊन मोकळें करावयाचें, त्याला आपल्याकडे परत येण्याची गरज ठेवावयाची नाहीं, असा कर्व्यांचा बाणा आहे. कोणाच्या दुःखाशीं त्यांनीं लाघवी बोलणें केलें नाहीं. फीचा प्रश्न त्यांनीं अशा रीतीनें सोडविला कीं, त्यांत ते स्वतःच आयुष्यभर तोट्यांत राहिले.

माझ्या विद्यार्थिनीला मीं १९७४ चें व २०२४ चें अशीं दोन्ही पुस्तकें वाचावयास दिलीं. फ्रॉइडचा मुद्दाहि सांगितला: तास बांधलेला नसला कीं ज्या दिवशीं बोलणें अवघड, त्याच दिवशीं न जाण्याचें कारण सांपडतें. ती वाद घालील असें वाटलें होतें. ती म्हणाली, “तें खरं आहे, सर. आई आजारी होती त्या दोन आठवड्यांत मीं वेळच घेतली नाहीं. पैसे वांचवले असं स्वतःला सांगितलं.” मीं विचारलें, मग आतां बांधून घेणार का? तिनें मान हलविली. आतां त्या बाईंशीं तिनें एवढेंच ठरविलें आहे कीं, एखादा आठवडा चुकवावयाचा झाल्यास तसें आपण स्वतः कळवावयाचें, नुसतें गप्प राहावयाचें नाहीं. पैसे मात्र गेलेल्या तासाचेच.

गेल्या महिन्यांत पुस्तकें परत करावयास ती आली. जिनीचें पुस्तक तिनें दोनदां वाचलें होतें. दुसऱ्याविषयीं तिनें एकच गोष्ट विचारली. तास संपल्यावर पडदा काळा झाला, तेव्हां तीं माणसें उठून कोठें गेलीं, घरांत कोण होतें, त्यांनीं त्या दिवशीं काय केलें, हें कोणीं लिहिलें आहे का? मीं म्हटलें, तूं लिही. ती हंसली, पण वही कोणती घ्यावी, रेघांची कीं कोरी, हें विचारूनच गेली.